कुक्कूचा दुसरा सूर

गुरुवार, २६ जानेवारी

बुर्गीला रिहॅबला सोडून आलो. नवा खुबा, नवी काठी, तीन आठवडे मुक्काम. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, स्वच्छ खोली, खिडकीतून डोंगर. खोलीत लिओबा नावाच्या एक बाई आहेत, त्यांचा गुडघा बदललाय. दोघींची पाच मिनिटांत गट्टी. मी निघालो हे बुर्गीला दोनदा सांगावं लागलं.

घर रिकामं. हीच संधी.

१८ फेब्रुवारीला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. बुर्गी १७ला परत येणार. दारातून आत आली की समोर भिंतीवर घड्याळ. माझ्या हातचं, अख्खं कोरलेलं. वर हरणाचं डोकं, भरगच्च शिंगं. खाली दोन तिरक्या बंदुका. एका बाजूला ससा, दुसऱ्या बाजूला तितर, भोवती ओकची पानं. आणि दार उघडून बाहेर येणारा कुक्कू.

या दरीत ज्याला त्याला घड्याळ कोरता येतं. मी मात्र सगळी नोकरी जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवण्यात घालवली. सासरे, म्हणजे म्हातारे आल्बान, नावाजलेले कारागीर. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, जावई सज्जन आहे, फक्त त्याच्या हातात खिळा देऊ नका, भिंतीला घाम फुटतो. सगळे हसले. बुर्गीही हसली. ते हसणं अजून कानात आहे.

एकदा तरी माझ्या हातची वस्तू तिनं आपणहून भिंतीवर ठेवावी. बास. एवढंच मागणं आहे.

शिवाय लाकूडकाम म्हणजे तरी काय? नियोजन. नियोजन मला येतं.

रात्री ८. बुर्गीचा फोन. आमचा फोन वायरवाला, दिवाणखान्यात, बरोबर आल्बाननं कोरलेल्या कुक्कूच्या घड्याळाखाली. म्हणाली, मैनराड, गप्प बस, आठ वाजतायत, लिओबाला बाबांचा पक्षी ऐकवायचाय. पक्षी आठ वेळा ओरडला. पहिला सूर ठीक, दुसरा फुसका. कुक्-फूऊ. भात्यात कुठेतरी वारा गळतो. वर्षानुवर्षं गळतोय. मी एकदा विचारलं होतं, दुरुस्त करू का? बुर्गी म्हणाली होती, हात लावू नकोस.

विश्वास नाही. दुसरं काय.

शुक्रवार, २७ जानेवारी

लाकडाचा प्रश्न सुटला. आमच्या जुन्या खात्यातल्या पोरांनी वळणावरचं लिंडनचं झाड गेल्या आठवड्यात पाडलं. एक ओंडका गाडीत घालून आणला. कोरायला लिंडनसारखं लाकूड नाही.

ओंडका जरा ओला आहे. म्हणजे पिळला तर पाणी निघेल.

बुर्गीचा भाऊ ब्लाझी याला सहज फोन केला. ब्लाझी घड्याळं कोरतो, बस भरून येणाऱ्या पर्यटकांना विकतो, आणि दरीतल्या प्रत्येक विषयावर मोठ्यानं बोलतो. विचारलं, एका मित्राला लिंडन वाळवायचंय, किती दिवस लागतात? म्हणाला, दिवस? जावईबापू, मित्राला सांग, लाकूड अंगणात रचून ठेव आणि पोरांची लग्नं लाव. नातवंडं झाली की पटाशी हातात घे.

धंदेवाईक माणसं दुसऱ्यांना अशीच घाबरवून ठेवतात.

आपल्याकडे ओव्हन आहे.

शनिवार, २८ जानेवारी

ओंडक्याची फळी करून ओव्हनमध्ये ठेवली. बटाटे भाजतो तेवढ्या आचेवर. घरभर गोड वास. काचेवर वाफ. दुपारी आतून ठाप्पकन आवाज आला.

चीर पडली आहे. वरपासून खालपर्यंत नाही. जवळजवळ.

बारकाईनं पाहिलं. चीर नेमकी तिथे आहे जिथे हरणाच्या दोन शिंगांमधली जागा येणार. निसर्गच डिझाइन करून देतो, आपण फक्त डोळे उघडे ठेवायचे.

रविवार, २९ जानेवारी

पानांचा नमुना हवा होता. आल्बानचं घड्याळ खाली उतरवलं. कागद लावून नुसता छाप घ्यायचा, दहा मिनिटांत परत भिंतीवर. दर्शनी पाटीमुळे कागद नीट बसेना. पाटी सरसाने चिकटवलेली. बटाट्याच्या थालीपिठाचं उलथणं हळूच फटीत घातलं आणि किंचित दाबलं.

पाटी दोन झाली. धक्क्यानं कुक्कूची चोच उडाली. कपाटाखाली असणार.

घाबरण्यासारखं काही नाही. घड्याळ फुटलेलं नाही. उघडलेलं आहे.

उघडलंच आहे तर भाते काढून पाहिले. दोन भाते, दोन शिट्ट्या, एक उंच सुराची, एक खालच्या. खालच्या सुराच्या भात्यावर तपकिरी कागदाचं एक वेडंवाकडं ठिगळ, कडेला सरसाचे ओघळ, बोटांचे ठसे. सासऱ्यांसारख्या माणसानं असलं काम केलं असेल असं वाटत नाही. कुणीतरी शिकाऊ असेल. ठिगळ खरवडून शेगडीत टाकलं. चष्मा पुसायचं मऊ चामडं होतं, त्यातून माप कापलं, ताणून बसवलं, शिकंज्यात लावलं.

सांगू? अप्रतिम झालं. एक सुरकुती नाही. मी स्वतः चकित झालो. ही बुर्गीला बोनस भेट. चाळीस वर्षांची गळती बंद.

(चाळीस नसेल. पण बरीच.)

रात्री ८ला पाच कमी. तेव्हा लक्षात आलं. फोन दिवाणखान्यात, भाते तळघरात शिकंज्यात, सरस ओला. आठ वाजता बुर्गी पक्षी ऐकणार.

८.१५. मी स्वतः ओरडलो. आठ वेळा. दुसरा इलाज नव्हता. हात तोंडापुढे ओंजळीसारखा धरून, रिसीव्हरपासून हातभर लांब. मी चर्चच्या गायकवृंदात उगाच नाही.  मग बुर्गी म्हणाली, आज बाबांच्या पक्ष्याला दम चांगला लागलाय. मी म्हणालो, हवा कोरडी आहे. मागे लिओबाबाई खोकत होत्या. बराच वेळ खोकत होत्या.

जमलं. तिला काडीचा संशय नाही.

सोमवार, ३० जानेवारी

भाते वाळले. हातानं दाबून फोनवर ऐकवता येतील. पण विचार केला. काल तिनं माझा आवाज ऐकला आणि तो तिला आवडला. आज खऱ्या भात्याचा ऐकवला तर फरक कळेल. संशय येईल. तेव्हा आता घड्याळ पूर्ण होईपर्यंत माझाच आवाज. याला दूरदृष्टी म्हणतात.

सकाळी आरशासमोर सराव. घशासाठी मध.

बुधवार, १ फेब्रुवारी

हरणाचं डोकं सुरू. कपाळ उत्तम. नाक उत्तम. डावं शिंग कोरता कोरता गेलं. उजवं समतोलासाठी मीच काढलं.

हरिणीला शिंगं नसतात. हरीण स्त्री असू नये असा कुठे नियम आहे? उलट लग्नाच्या वाढदिवसाला तेच शोभतं.

तळघर बर्फासारखं गार. शेगडी लावली तर लाकूड आणखी तडकेल, म्हणून कोट घालून काम. शिंका. फोनवर बुर्गी म्हणाली, तुझा आवाज बसलाय, खोकल्याचं औषध घे, फडताळात वरच्या खणात आहे. मी म्हणालो, घेतो. घेतलं नाही. त्याने झोप येते, आणि मला आता झोपायला वेळ नाही.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

आज मरता मरता वाचलो.

आठचे आठ नीट ओरडलो. मग फोन ठेवेल असं वाटलं. ठेवेना. जेवणात काय होतं, पाण्यात पाय कसा हलवायचा, लिओबाची सून कशी आहे. बोलतेय, बोलतेय. मी तोंडात हॅम आणि पाव कोंबला. एवढ्यात म्हणते, साडेआठ झाले ना रे? बाबांचा पक्षी झोपला की काय?

अर्ध्या तासाला तो एकदा ओरडतो! विसरलोच होतो. घास तसाच ठेवून ओरडलो. पाव नाकात गेला.

मग म्हणाली, हल्ली घड्याळ वाजताना तू अगदी गप्प असतोस. मी म्हणालो, तुझ्या बाबांच्या आदरानं. पलीकडे पुन्हा लिओबाबाईंचा खोकला. त्यांनी तपासून घ्यायला हवं.

शनिवार, ४ फेब्रुवारी

बुर्गीनं नवीनच काढलं. पक्षी ओरडत असताना मध्येच विचारते, मैनराड, ऐकतोयस ना? एक कुक्कू, हो, दुसरा कुक्कू, हो गं, तिसरा. आकडा चुकला. बहुतेक दहा झाले. ती म्हणाली, आज आठला दहा वाजले की काय. मी म्हणालो, जुनं घड्याळ, म्हातारपण. ती म्हणाली, हो, दिसतंय.

बाई प्रेमानं बोलते. आजारपणात माणूस हळवा होतो.

रविवार, ५ फेब्रुवारी

ब्लाझी न सांगता आला. आल्बानचं घड्याळ पटकन बाथटबमध्ये, वर टॉवेल. भिंतीवर घड्याळाच्या जागी फिकट डाग राहिला होता, त्यावर खाटकानं दिलेलं कॅलेंडर टांगलं. ब्लाझी चेरीची दारू पीत भिंतीकडे बघत राहिला. म्हणाला, कॅलेंडर झकास आहे. गेल्या वर्षीचं आहे, पण झकास आहे.

मग म्हणाला, जरा मुतून येतो.

बाथरूममधून बराच वेळ आला नाही. आला तेव्हा चेहरा लाल. म्हणाला, जावईबापू, तुझ्याकडे टॉवेलांना काटे फुटलेत. मला काही कळलं नाही. मीही विचारलं नाही. त्यानं चष्मा काढून डोळे पुसले आणि गेला. दारू चढली असावी.

त्याला काही दिसलं नाही. दिसलं असतं तर ब्लाझी गप्प बसला असता? ब्लाझी?

मंगळवार, ७ फेब्रुवारी

नवं संकट. बुर्गीच्या व्यायामाची वेळ बदलली. आता फोन दुपारी करणार.

बाराला.

बारा वेळा! शेवटच्या तीन वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकले. वर म्हणते, थांब हं, आज जेवणाच्या हॉलमधून करतेय, सगळ्यांना ऐकायचं होतं. मागून टाळ्या वाजल्या. स्वयंपाक्यानं काही चांगलं वाढलं असेल.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

सशाचे कान गेले. तितराची मान गेली. बोटाचं टोक, माझ्या, थोडक्यात राहिलं. पट्टी बांधून काम म्हणजे हातमोजे घालून शिवण.

सुधारित योजना: ससा आणि तितर रद्द. एवढ्या शिकारीनं घड्याळ गजबजलं असतं. बंदुका दोन होत्या, एक मोडली. एक बंदूक विचित्र दिसते, म्हणून तीही रद्द. आपण शांतताप्रिय माणसं.

हरिणीचा डावा डोळा उजव्यापेक्षा बराच खाली गेला आहे. दुरून पाहिलं की कळत नाही. तळघराच्या अगदी त्या टोकाला जाऊन पाहिलं.

कळतं.

शनिवार, ११ फेब्रुवारी

कोरलेली पाटी दिवाणखान्यात आणून ठेवली, नुसती कशी दिसते बघायला. खोलीत शेगडी चालू होती. मी चहा टाकला. ठाप्प.

ती पहिली चीर, जी जवळजवळ वरपासून खालपर्यंत होती, ती आता वरपासून खालपर्यंत आहे. हरिणीच्या दोन डोळ्यांमधून. एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे.

तळघराच्या पायरीवर बसलो. खरं लिहायचं तर रडलो. इथे कोण वाचतंय? एका टेबलावर आल्बानची पाटी दोन तुकड्यांत, शेजारी माझी पाटी दोन तुकड्यांत. फरक एवढाच की आल्बानचे तुकडेसुद्धा सुंदर दिसतात. बुर्गी येणार आणि भिंतीवर कॅलेंडर बघणार. वडिलांची एकच वस्तू तिनं या घरात आणली होती. तीही मी उलथण्यानं उघडली.

भिंतीला घाम फुटतो म्हणे. भिंत परवडली. मला फुटलाय.

१२ वाजता बारा वेळा ओरडलो. बुर्गीनं विचारलं, रडलास का रे? मी म्हणालो, कांदा. ती मग अगदी हळू म्हणाली, मैनराड, औषध घे आणि झोप. काही वस्तू असतात, काही माणसं असतात.

याचा अर्थ काय ते कळलं नाही. पण बरं वाटलं.

सोमवार, १३ फेब्रुवारी

रडणं संपलं. निर्णय झाला.

माझी पाटी सरसानं जोडली, चिरेत भुसा भरला. ओकची पानं पाच व्हायची होती, तीन झाली. पेटी माझी, पाटी माझी, आत यंत्र, भाते आणि शिट्ट्या आल्बानच्या. म्हणजे शरीर जावयाचं, आत्मा सासऱ्यांचा. चाळीस वर्षांनी आम्हा दोघांचं एकमत! कल्पना सुचली तेव्हा मी उठून उभा राहिलो.

कुक्कूची चोच कपाटाखाली सापडली नाही. बदामाचं टोक कापून चिकटवलं. छान दिसतं. पक्षी जरा हसल्यासारखा वाटतो.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आज कार्निव्हलचा, म्हणजे उपासाच्या काळाआधीच्या जल्लोषाचा, गुरुवार. सकाळपासून रस्त्यावर घंटा, ढोल, लाकडी मुखवटे. मी फक्त खिळे आणायला बाहेर पडलो.

चौकात एका चेटकिणीनं कॉलर धरली. मुखवटा घातलेल्यानं आवाज बदलून वाट्टेल ते बोलावं, समोरच्यानं वर्षभराची आपली उणीदुणी निमूट ऐकून घ्यावी, राग धरू नये, हा आमचा रिवाज. चेटकीण चिरक्या आवाजात म्हणाली, मी तुला ओळखते, तू मला ओळखत नाहीस! सांग बघू, बारा वाजता आपल्या गावात कोण ओरडतं? आणि कानाशी तोंड आणून, कुक्कू!

तिच्या मागच्या दुसऱ्या चेटकिणीनं, कुक्कू! मग बेकरीच्या पायऱ्यांवरचे सगळे. बारा वेळा. मोजून.

मी हसलो. राग धरायचा नसतो. चेटकिणीच्या पायात ब्लाझीचे बूट होते, पण मुखवट्यामागचं नाव घ्यायचं नसतं.

घरी येऊन शांतपणे विचार केला. आमच्या दरीत घरटी एक तरी कुक्कू आहे. कार्निव्हलमध्ये लोक कुक्कू ओरडणारच. यात माझा काय संबंध? योगायोग.

बाहेर कुक्कू, कुक्कू चालूच होतं. त्यात भाते बसवले. कुठला डावा, कुठला उजवा, आत सारखेच दिसतात.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

आली.

ब्लाझी गाडी घेऊन गेला होता, मला म्हणाला, तू घरी थांब, तुझं काम आहे. बुर्गी काठी टेकत दारात. मी भिंतीकडे हात केला. नेमके तीन वाजले. दार उघडलं, बदामाच्या चोचीचा पक्षी बाहेर आला आणि ओरडला.

उलटा. आधी खालचा सूर, मग वरचा. क्कू-कु! क्कू-कु! क्कू-कु! जन्मात कुठला कुक्कू असा ओरडला नसेल. भाते उलटसुलट बसले होते.

बुर्गी भिंतीला टेकली. खुब्यावर हात दाबला. मला वाटलं हाड सरकलं. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, मैनराड, हे डुक्कर तू कोरलंस?

मी म्हणालो, हरीण आहे. मादी.

म्हणाली, असू दे, छान आहे.

मग मी सगळं ओकलो. उलथणं, आल्बानची पाटी, चोच, बाथटब, फोन. ती म्हणाली, फोनचं पहिल्या दिवशीच कळलं. लिओबानं उशी तोंडात कोंबली होती. आम्ही अख्खा हॉल त्या बारा वाजण्यावर जगलो रे. मी विचारलं, पहिल्याच दिवशी कसं कळलं? माझा सूर चुकला का? म्हणाली, नाही. अजिबात चुकला नाही, म्हणूनच.

पाटीचे दोन तुकडे हातात घेऊन बघितले. म्हणाली, लाकूड आहे, चिकटतं. ब्लाझी करील. आणि माझ्या घड्याळाकडे काठी दाखवून म्हणाली, हे राहू दे भिंतीवर.

राहू दे भिंतीवर!

आपणहून म्हणाली. मी ऐकलं. ब्लाझीनंही ऐकलं. साक्षीदार आहे.

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते एका डुकरावर झालं. हरणावर.

शनिवार, १८ फेब्रुवारी

चाळीस वर्षं. सकाळी केक, ब्लाझी, कॉफी. ब्लाझीनं घड्याळ उतरवून भाते डावीउजवीकडे बदलले. बोलता बोलता, कॉफीचा कप एका हातात. परत टांगलं, काटे अकरावर आणले.

कुक्कू. कुक्कू. खणखणीत. दोन्ही सूर स्वच्छ. जराही गळती नाही.

मी म्हणालो, आणि आता ऐका! दुसरा सूर! तो मी दुरुस्त केलाय. बोनस. चष्म्याचं चामडं, एक सुरकुती नाही.

ब्लाझीनं कप खाली ठेवला. बुर्गीनं विचारलं, त्यावरचं ठिगळ कुठेय?

मी म्हणालो, ते गचाळ होतं. शेगडीत.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. बटाटे सोलायचा आवाज येऊ लागला. सोलतच राहिली. तिघांना पुरतील, दहांना पुरतील, लग्नाच्या पंगतीला पुरतील एवढे.

मी ब्लाझीकडे बघितलं. तो टोपी घेऊन गेला.

दुपारी बुर्गीनं सांगितलं. माझ्याकडे न बघता, ताटाकडे बघत. बाबांचा शेवटचा हिवाळा. फुप्फुसं गेली होती, जिना चढवत नव्हता. भाता फाटला म्हणून खुर्चीत बसून पावाच्या कागदाचं ठिगळ लावत होते, हात कापत होते, एक दुपार गेली त्यात. लावलं, घड्याळ वाजलं, आणि वारा तरी गळतच राहिला. बाबा म्हणाले, बघ पोरी, आता हा माझ्यासारखा श्वास घेतो. ती म्हणाली, अगदी बरोबर झालंय बाबा. पुढच्या आठवड्यात ते गेले.

त्यानंतर कुणी हात लावायचा नाही असं तिनं ठरवलं. रोज आठ वाजता ती तो श्वास ऐकायची. मी शेजारी पेपर वाचत असायचो.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं होतं. तू रात्रपाळीवरून आला होतास. घोरत होतास.

रविवार, १९ फेब्रुवारी

बाहेर मिरवणूक. आम्ही गेलो नाही.

शेगडीतली राख चाळली. काय शोधत होतो कुणास ठाऊक. कागदच तो.

आजवर हातून काय काय बिघडलं, सगळं चिकटतं. पाटी चिकटते, चोच चिकटते, डुक्करसुद्धा चिकटलं. जन्मात एक काम चोख झालं, आणि नेमकं तेच परत करता येत नाही.

सोमवार, २० फेब्रुवारी

नवीन चामडं फाडून त्यावर पावाच्या कागदाचं ठिगळ लावून पाहिलं. हात कापत होते, मुद्दाम नाही. वाजवलं. शिट्टी वाजली. नुसती शिट्टी. पोलिसासारखी.

फाडलं. पुन्हा लावलं. आता मांजरासारखं.

बुर्गी दारात उभी होती. किती वेळ होती माहीत नाही. म्हणाली, सोड. आणि वर गेली.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

ब्लाझी येऊन दोन्ही घड्याळं घेऊन गेला. आल्बानचं जोडायला, माझं, म्हणाला, बघतो. ईस्टरनंतर मिळेल. जाताना पाठीवर हात ठेवला. जावईबापू म्हणाला नाही. त्यापेक्षा म्हणाला असता तर बरं झालं असतं.

भिंतीवर डाग. मी कॅलेंडर टांगायला गेलो, बुर्गी म्हणाली, नको.

सकाळपासून ताप. खोकला छातीत उतरलाय. ती तीन दिवसांत माझ्याशी बाकी जे बोलली ते असं: मीठ. दार लाव. मीठ.

बुधवार, २२ फेब्रुवारी. राखेचा बुधवार

चर्चमध्ये कपाळाला पश्चात्तापाची राख लावली. मी मनात म्हटलं, एवढ्यानं भागणार नाही.

संकल्प:
लाकूडकाम बंद. कायमचं.
पटाश्या ब्लाझीला देणे.
उलथणं स्वयंपाकघरात परत.

संध्याकाळी दिवाणखान्यात बसलो होतो. ती विणत होती, मी पेपर धरून बसलो होतो, वाचत नव्हतो. आठला काही मिनिटं होती. घरात इतकी शांतता की तिच्या सुया ऐकू येत होत्या. आठ वाजले हे चर्चच्या टोल्यांनी कळलं. बुर्गीच्या सुया थांबल्या. तिनं भिंतीवरच्या डागाकडे पाहिलं. सवयीनं.

मला ते बघवेना. मी उठलो, फोनजवळ उभा राहिलो, ओंजळ तोंडाशी धरली. का, ते विचारू नका. ओरडलो.

पहिला सूर बरा निघाला. दुसरा छातीतल्या कफात अडकला आणि फाटला. कुक्-फूऊ. लाज वाटली, पण आता मध्ये कसं थांबणार? कुक्-फूऊ. वारा सगळीकडून गळत होता. चौथ्याला खोकला आला, पाचव्याला दम लागला. बुर्गीनं विणकाम मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटले. मी सावकाश आठ पूर्ण केले. बहुतेक आठच.

मग खाली बसलो. धाप लागली होती.

डोळे उघडून तिनं विचारलं, खोकल्याचं औषध घेतलंस?

मी म्हणालो, राहिलंच. आत्ता घेतो.

ती म्हणाली, नको घेऊस.